पिसं येतील, पण आधी उतरायला शिकवा

(पाळलेल्या पाखरांबद्दल वाचकांचे प्रश्न आणि आमच्या पशुवैद्य डॉक्टरताईंची उत्तरं)

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, कऱ्हाडला राहते. मुलगा बंगळुरूला असतो, घरी मी आणि हे. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मुलानं सोबत म्हणून राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा कॉकाटील (पोपटाच्या कुळातलं लहान पाखरू) आणून दिला. नाव किटू. दुकानदारानं देतानाच त्याच्या उजव्या पंखाची पिसं कात्रीनं कापली. ‘एका बाजूची कापली की लांब जात नाही,’ असं म्हणाला. त्याला दहा महिने झाले. मध्यंतरी दोन नवी पिसं आली. त्यातलं एक रात्री पिंजऱ्यात तडफडून मोडलं, पुष्कळ रक्त आलं. परवा तो कपाटावरून झेपावला आणि गरगरत फरशीवर छातीवर आपटला. छातीचं कातडं फाटलंय, मी हळद-तेल लावते आहे. तेव्हापासून तो दांडी सोडत नाही. शेजारी सांगतात, खुंट उपटून टाका, महिन्यात नवी पिसं येतात, आणि रोज पलंगावर वरून सोडा, आपोआप उडेल. खायला त्याला फक्त सूर्यफुलाच्या बिया लागतात. वाण्याच्या काट्यावर वजन ११८ ग्रॅम भरलं. सोबत त्याची पडलेली दोन पिसं पाठवते. काय करू?

उत्तर : बाई, तुमचं पाकीट दुपारी दवाखाना रिकामा असताना उघडलं. दोन्ही पिसं खिडकीपाशी उजेडात धरली. पत्रात नव्हतं तेही त्यांनी सांगितलं.

पहिलं पीस म्हणजे नुसता खुंट. तिरपा काप, आतून पोकळ, कोरडा ठणठणीत. पूर्ण वाढलेलं पीस आपल्या नखाच्या टोकासारखं निर्जीव असतं, त्यामुळे कापताना पाखराला दुखत नाही. पण नख मागून वाढत येतं, तसं पीस येत नाही, आणि लोकांचा घोटाळा इथेच होतो. कापलेला खुंट पंखात तसाच रुतून राहतो. पिसं गळायची पाळी आली की मुळातून नवा कोंब निघतो आणि तो जुन्या खुंटाला बाहेर ढकलतो. हा खुंट तुम्हाला पिंजऱ्याच्या तळाशी मिळाला, कुणी उपटला नाही, म्हणजे किटूचं शरीर कामाला लागलं आहे. दहा महिने तुम्हाला फार वाटले असतील, पण पंखाच्या टोकाची दहाच्या दहा पिसं बदलायला वर्षभर लागणं यात वेगळं काही नाही. पोपटांच्या जातीत ही गळती मधल्या पिसापासून सुरू होते आणि दोन्ही बाजूंना सरकत जाते. म्हणून पहिली नवी पिसं मधेच उगवलेली दिसली असतील. तुम्ही आठवून बघा.

दुसरं पीस मी बराच वेळ हातात धरून बसले. केळीचं नवं पान सुरळीत असतं तसं ते अजून अर्धं गुंडाळलेलं आहे. दांडीचा खालचा भाग काळपट. ते आत वाळलेलं रक्त. वाढत्या पिसाला आतून रक्तपुरवठा असतो. पीस पूर्ण झालं की तो आटतो आणि दांडी पांढरी, पोकळ होते. हे पीस त्याआधीच मोडलं. आणि त्याच्यावर आडव्या तीन रेघा आहेत, इतक्या बारीक की उजेडाविरुद्ध धरल्याशिवाय दिसत नाहीत. त्या रेघेवर बोट दाबलं की पीस तिथेच वाकतं. पीस तयार होत असताना पाखराला पोटाला नीट मिळालं नाही किंवा मोठी भीती बसली, तर त्या दिवसांची अशी रेघ पिसात उमटते. किटूच्या पिसात तीन आहेत.

तुमच्या हातून हयगय झाली म्हणून हे सांगत नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पण पिसं येतात आणि मोडतात याची कारणं यातच आहेत, आणि कारणं एकाहून जास्त आहेत.

एक तर ते पीस एकटं होतं. तुमच्या भागात ऊस आहे, तुम्हाला लगेच कळेल. भरल्या फडात वारा आला तरी ऊस एकमेकांच्या आधारानं उभा राहतो, तोडलेल्या फडात एकच कांडी राहिली तर ती पहिल्या झोतात आडवी होते. कोवळ्या पिसाला शेजारच्या पूर्ण पिसांचा असाच आडोसा लागतो. किटूच्या पंखात शेजारी खुंटच होते. दुसरं म्हणजे रात्रीचं घाबरणं. कॉकाटील त्याबद्दल प्रसिद्ध आहेत. पाल सरकली, बाहेरून गाडीचा झोत फिरला, की अंधारात एकदम पंख आपटत पिंजराभर थडकत सुटतात. आज रात्रीपासून त्याच्या खोलीत एक मंद झिरोचा दिवा ठेवा. पिंजरा तीन बाजूंनी झाका, एक बाजू उघडी राहू द्या, म्हणजे त्याला आपण कुठे आहोत ते दिसेल. लोंबणारी खेळणी रात्रीपुरती काढून घ्या. झोप दहा-बारा तास मिळाली पाहिजे, तेव्हा पिंजरा टीव्हीच्या खोलीत नको.

आता खुंट उपटण्याचं. कृपा करून उपटू नका. शेजारी म्हणतात त्यात तथ्य एवढंच, की मुळासकट निघालेल्या पिसाच्या जागी नवं पीस लगेच वाढायला लागतं, एवढ्या पाखरात महिना-दीड महिन्यात येतं. पण ही पिसं नुसती कातड्यात नसतात, खाली हाडाला घट्ट धरून असतात. ओढली की पाखराला जबर कळ लागते. मूळ दुखावलं तर त्या जागी पुन्हा पीसच येत नाही, किंवा वाकडं येतं, किंवा गाठ धरते. शिवाय सगळे खुंट एकदम काढले तर पाच-सहा कोवळी, रक्ताची पिसं एकाच वेळी उघड्यावर येणार, आणि किटूला एकच सांभाळता आलं नव्हतं. फार अडलेल्या पाखराचे खुंट मी काढते, पण भूल देऊन, एका वेळी एक किंवा दोन. किटूला त्याची गरज नाही. त्याची गळती सुरू आहे.

कोवळं पीस पुन्हा मोडलं तर काय करायचं ते लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा. पाखरू पातळ फडक्यात अलगद धरा, छाती आवळू नका. पाखराचा श्वास छातीच्या हलण्यावर चालतो, छाती दाबली की ते गुदमरतं. मोडल्या जागी कॉर्नफ्लॉवरची चिमूट ठेवून कापसानं दोन-तीन मिनिटं दाबून धरा. मग अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. तरी रक्त थांबलं नाही तर थेट डॉक्टरकडे. शंभर ग्रॅमच्या जिवात रक्त फार थोडं असतं.

छातीच्या जखमेचं मात्र आजच बघा. हळद-तेल बंद करा. हळदीला माझा विरोध नाही. पण तेलानं पिसं चिकटतात, अंगाची ऊब निघून जाते, आणि पाखरू चोचीनं ते तेल साफ करत बसतं. छातीच्या मधोमध जे उभं हाड असतं त्याच्यावर कातडं अगदी पातळ असतं. एका पंखाची पिसं कापलेलं पाखरू गरगरत येतं आणि नेमकं त्या हाडावर पडतं. दर आपटीला जखम नव्यानं उघडते, आणि अशा जखमा चिघळून हाडापर्यंत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. दोन्ही बाजूंची सारखी कापली तर निदान पाखरू तरंगत खाली येतं. एकाच बाजूची कापणं ही सगळ्यांत वाईट रीत. दुकानात ती सर्रास चालते याचा मला मनापासून राग आहे. पाखरांना बघणाऱ्या डॉक्टरकडून टाका लागतो का ते पाहून घ्या. जखम पूर्ण भरेपर्यंत उडण्याचं नावही काढायचं नाही. तोवर पिंजऱ्यातली दांडी खाली आणा आणि तळाला जुनी मऊ चादर घाला.

या मधल्या दिवसांत करायचं काम म्हणजे खाणं. पीस जवळजवळ सगळं प्रथिनाचं बनतं, आणि सूर्यफुलाच्या बियांत तेल भरपूर, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम नावापुरतं. बहुतेक कॉकाटील ८० ते ११० ग्रॅममध्ये असतात. किटू ११८ आहे आणि दहा महिने उडालेला नाही, म्हणजे छातीचा मांसल भाग झिजला असणार आणि वजन चरबीचं असणार. जखम भरल्यावर छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवून बघा. स्नायू भरीव, गोलसर लागले पाहिजेत. हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर स्नायू गेलेत. हाड सापडतच नसेल तर चरबी चढली आहे.

बिया एकदम बंद करू नका. एवढं लहान पाखरू एक-दोन दिवसांच्या उपासानंही कोसळतं. सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढल्या काढल्या, पोट रिकामं असताना, आधी मोड आलेले मूग, बारीक चिरलेली मेथी किंवा शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळ्याची वाफवलेली फोड ठेवा. तासाभरानं बिया द्या, पण मिश्र : राळे, बाजरी, थोडी करडई, सूर्यफूल चवीपुरतं. आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा. पिंजऱ्याला कॅल्शियमसाठी कटलबोन (माकूळाचं वाळलेलं पांढरं हाड) टांगा. नवं खाणं तो पहिले पंधरा दिवस फेकून देईल. तुम्ही त्याच्यासमोर बसून तेच गाजर खा, पाखरं दुसऱ्याला खाताना बघून खातात. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, कांदा, मीठ लावलेलं काहीही देऊ नका. दर सकाळी एकाच वेळी वजन करून वहीत लिहा, आणि त्यासाठी एक एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकाचा काटा घ्या, वाण्याचा नको. सकाळच्या कोवळ्या उन्हात पिंजरा थोडा वेळ उघड्या हवेत ठेवा, अर्ध्या भागावर सावली हवी. काचेतून आलेल्या उन्हाचा हाडांना उपयोग होत नाही.

आता उडण्याकडे येते.

पलंगावर वरून सोडायचा सल्ला मीही एके काळी दिला आहे, आणि स्वतः केलंही आहे. दवाखाना काढून दोनच वर्षं झाली होती. एका लव्हबर्डची पिसं पुरी आली होती, मालक विचारत होते, आता उडेल का? मी त्याला तळहातावर घेतलं आणि खोलीत वर सोडलं. ते उडालं. सरळ गेलं, वेगात गेलं, आणि थांबायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं. समोरच्या भिंतीवर आदळलं, खांद्यापाशी हाड मोडलं. जगलं, पण पुन्हा कधी उडालं नाही. त्याची सगळी पिसं शाबूत होती.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाला एकच सांगते : उडणं पिसांनी येतं, उतरणं शिकावं लागतं. उतरताना पाखराला अंग उभं करावं लागतं, शेपटीची बाराही पिसं पंख्यासारखी पसरावी लागतात, पंख उलट मारून वेग मोडावा लागतो आणि नेमक्या क्षणी पाय पुढे काढावे लागतात. पाखरं हे सगळं घरट्यातून बाहेर पडल्यावरच्या काही आठवड्यांत, रोज शेकडो वेळा चुकून शिकतात. किटूची पिसं त्या वयात कापली गेली असतील तर त्याला ते कधी आलेलंच नाही. त्याला आपण विसरलेलं आठवून देत नाही आहोत, पहिल्यांदा शिकवतो आहोत. आणि परवा जे घडलं त्यानंतर तो दांडी सोडत नाही, यात त्याचं काही चुकत नाही. शेवटच्या वेळी झेप घेतली तेव्हा छाती फाटली होती.

तुम्ही शाळेत पहिलीचा वर्ग घेतला असेल तर पुढचं तुम्हाला माझ्याहून चांगलं जमेल.

जखम भरली आणि उजव्या पंखात निदान पाच-सहा पूर्ण पिसं, पांढऱ्या दांडीची, ओळीनं उभी राहिली की सुरुवात करा. तोवर बोटावर बसायची सवय लावा. मग बोटावर बसवून हात वीतभर हळू खाली न्या. तोल सांभाळायला तो पंख उघडेल. तेवढंच. सात-आठ वेळा झालं की राळ्याच्या कणसाचं एक टोक द्या आणि त्या दिवशीचं बंद. चोच उघडून धापा टाकायला लागला किंवा श्वासाबरोबर शेपटी वरखाली व्हायला लागली तर आधीच थांबा. दोन-तीन मिनिटांत श्वास पहिल्यासारखा झाला पाहिजे. झाला नाही तर दुसऱ्या दिवशी निम्मंच करा.

पुढची पायरी खुर्च्यांची. दोन खुर्च्या पाठीला पाठ करून ठेवा, दोन्हींच्या पाठीवर सुती टॉवेल टाका, नाहीतर नखं घसरतात. मध्ये वीतभर अंतर. तो इकडे, कणीस तिकडे. पाऊल टाकून गेला तरी शाबासकी द्या. दोन-तीन दिवसांनी अंतर दीड वीत, मग हातभर. एका क्षणी पाऊल पुरणार नाही आणि तो उडी मारेल, त्या उडीत पंख हलतील. माझ्याकडच्या एका कॉकाटीलला पाऊल ते उडी एवढं अंतर कापायला एकोणीस दिवस लागले, आणि उडीनंतर पाचव्या दिवशी तो खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला. तुमचा किती दिवस घेईल ते किटू ठरवेल.

खालून वर आधी शिकवा, वरून खाली सगळ्यांत शेवटी. जमिनीवरून पलंगावर उडायला कष्ट जास्त पडतात, पण वर जाताना वेग आपोआप मोडतो, उतरणं सोपं होतं. वरून खाली येताना वेग वाढत जातो आणि तिथेच छाती आपटते. म्हणून कपाटाचा माथा सध्या बंद. वर पुठ्ठ्याची खोकी रचून जागाच ठेवू नका. जमिनीवर गोधड्या अंथरा. आणि त्याला ढकलायचं नाही, हात झटकून पाडायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. दोन आठवडे तो नुसता बसून राहिला तरी चालेल. एकदा तुमच्या हातून पडला तर त्याचा तुमच्या हातावरचा भरवसा जाईल, आणि मग शिकवणार कोण?

पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी दर वेळी खोली बघा. पहिला पंखा. उन्हाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या पाखरांत छताच्या पंख्यानं मारलेली नेहमी असतात. बटणावर चिकटपट्टी लावा, म्हणजे सवयीनं कुणी लावणार नाही. आरशावर चादर, काचेच्या खिडकीवर पडदा, कारण काच त्याला दिसत नाही. बाथरूमचं दार बंद, बादलीवर झाकण. स्वयंपाकघर पूर्ण वर्ज्य, उकळत्या तेलासाठी आणि नॉनस्टिक भांड्यांसाठीही. तवा फार तापला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू पाखराला काही मिनिटांत मारतो, शेजारच्या खोलीत असलं तरी.

पुढचं पीस पडलं की तेही पाठवा. मला त्याच्यावरच्या रेघा मोजायच्या आहेत.

प्रश्न : आमच्या आजीकडे नऊ वर्षांपासून मिठू आहे, हिरवा, लाल चोचीचा, गळ्याला गुलाबी पट्टा. त्याची पिसं दर काही महिन्यांनी कापतात. आता आजी थकली, आम्हाला त्याला सोडून द्यायचंय. पिसं आली की गच्चीवरून सोडलं तर चालेल का? – लातूरहून, आजीचा नातू

उत्तर : सोडायचं ठरवलंस याचा मला फार आनंद झाला. पण गच्चीवरून सोडू नकोस.

आधी कायदा. हा आपला देशी पोपट आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो पकडणं, विकणं, घरी ठेवणं गुन्हा आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्यात तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. किटूसारखे कॉकाटील मूळचे ऑस्ट्रेलियाचे, माणसांच्या घरातच पैदा झालेले, त्यांची गोष्ट वेगळी. आजीला घाबरवू नकोस. तिच्या पिढीत घरोघरी पिंजरा होता, आमच्याही माजघरात होता. पेरूची फोड भरवताना आमचा मिठू माझं बोट हळूच धरायचा. माझी आजी दर अमावास्येच्या सुमारास त्याची पिसं कापायची आणि तिचं त्याच्यावर अतोनात प्रेम होतं. मला ते दोन्ही आठवतं.

महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन कर, आपणहून सांग. ते त्याला उपचार केंद्रात नेण्याची व्यवस्था करतील. तिथे पिसं येईपर्यंत ठेवतात, मोठ्या जाळीच्या दालनात उडायला लावतात, इतर पोपटांबरोबर ठेवतात. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. नऊ वर्षं वाटीत पेरू आणि मिरची मिळालेल्या पोपटाला झाडावरचं फळ शोधता येत नाही, ससाण्याची सावली ओळखता येत नाही, माणूस दिसला की तो खाली येतो. रानातले पोपट थव्यानं राहतात, संध्याकाळी एका झाडावर शेकड्यांनी जमतात. एकट्याला पहिली रात्र काढणं अवघड जातं. काही पोपट इतके माणसाळलेले असतात की त्यांना केंद्रातच ठेवावं लागतं. तसं झालं तरी तिथे त्याला उडता येईल.

आजीला निरोप द्यायला वेळ दे. त्या दिवशी तिच्याच हातानं खाऊ घालू दे.

प्रश्न : शिकारी ससाणे पाळणारे लोक मोडलेल्या पिसाला दुसरं पीस जोडत, असं ऐकलं. पाळीव पोपटाला हे करता येतं का? म्हणजे वर्षभर थांबायला नको. – सांगलीचा विद्यार्थी

उत्तर : करता येतं, आणि ती फार जुनी कला आहे. खुंट आतून पोकळ असतो. त्यात बांबूची किंवा कार्बन फायबरची बारीक तासलेली काडी बसवायची, तिच्या दुसऱ्या टोकावर गळालेलं पीस चढवायचं, किंचित गोंद लावायचा. पीस त्याच जातीचं, त्याच बाजूच्या पंखाचं आणि त्याच क्रमांकाचं लागतं. सातव्याच्या जागी चौथं बसवलं तर पंखाचा घाट बिघडतो. वळण एका केसानं चुकलं तरी पाखरू हवेत एका अंगाला ओढलं जातं. भूल द्यावी लागते. जोडलेलं पीस पुढच्या गळतीला खुंटाबरोबर पडतं, तोपर्यंत काम देतं.

संक्रांतीच्या मोसमात मांज्यानं पंख कापलेल्या घारी येतात, तेव्हा ही कला सोन्यासारखी वाटते. नायलॉन मांज्यावर २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे, तरी घारी येतातच. रानातल्या पक्ष्याला वर्षभर कोंडून ठेवणं हाच मोठा त्रास असतो, म्हणून तिथे जोडकाम योग्य. घरच्या पोपटाच्या बाबतीत मी सहसा नको म्हणते. दुसऱ्या पोपटाच्या पिसावरच्या धुळीतून चोच आणि पिसांचा विषाणूजन्य आजार येऊ शकतो, त्याला औषध नाही. दात्या पाखराची तपासणी झालेली नसेल तर पीस जोडूच नये. आणि जोडलेल्या पिसांनीही उतरायला शिकवावंच लागतं.

प्रश्न : आमच्या लव्हबर्डच्या जोडीत एकाच्या डोक्यावरची आणि मानेवरची पिसं गेलीत, अंग ठीक आहे. रोग आहे का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : स्वतःच्या डोक्यापर्यंत कुठल्याच पाखराची चोच पोचत नाही. अंग शाबूत आणि डोकं बोडकं असेल तर बहुधा जोडीदार उपटतो आहे. दोघांना शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत, एकमेकांना दिसतील असं ठेवा. महिन्याभरात डोक्यावर कोंब आले तर उत्तर मिळालं. आले नाहीत, किंवा आलेली पिसं वेडीवाकडी असतील, तर रक्त तपासा. उलट डोकं छान आणि छाती-पंख उघडे पडलेले असतील तर पाखरू स्वतःच उपटतं. तेव्हा वेगळं पत्र लिहा, ती मोठी गोष्ट आहे.

प्रश्न : आमच्या कोन्युर पोपटाची पिसं आली, तो घरभर उडतो. पण दार उघडं राहिलं आणि गेला तर, या भीतीनं घरचे पुन्हा कापायला सांगतात. थोडीशी कापली तर काय बिघडलं? – डोंबिवलीच्या एक गृहिणी

उत्तर : भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. पण थोडी पिसं कापलेलं पाखरूही वाऱ्याच्या झोतावर चार इमारती पलीकडे जातं आणि मग परत यायचं बळ त्याच्याकडे नसतं. हरवलेली म्हणून कळवतात त्या पाखरांत पिसं कापलेली कितीतरी असतात. ‘हा कुठे जाणार’ असं म्हणून दार उघडं टाकलेलं असतं. खिडक्यांना जाळी लावा, बाहेरच्या दाराला आतून दुसरा पडदा. आणि हाकेला यायला शिकवा. रोज एकच शब्द, एकच शिट्टी, हातावर आला की आवडीचा घास. वरून खाली यायलाही शिकवा, कारण गेलेली पाखरं बहुतेकदा जवळच्याच झाडावर उंच बसलेली असतात. त्यांना खाली कसं यायचं ते कळत नसतं.

गेलाच तर मागे धावू नका, आरडाओरडा करू नका. तो दिसेल अशा जागी पिंजरा दार उघडं ठेवून मांडा, त्याची रोजची वाटी वाजवा, तुमचा नेहमीचा शब्द नेहमीच्याच आवाजात म्हणत राहा. संध्याकाळी उजेड उतरायला लागला आणि भूक लागली की पाखरू हलतं, तेव्हा कुणीतरी ओळखीचं तिथे उभं असलं पाहिजे. अंधार पडला तर कुठल्या फांदीवर बसलाय ते नीट बघून ठेवा आणि पहाटे उजाडायच्या आत वाटी घेऊन त्याच झाडाखाली जा.